आठ बिटांचं लॉकगेट

माझ्या नोकरीबद्दल बाबा नेहमी एकच शब्द बोलत आले: "छान." न्यू टाउनच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा छान. टीम लीड झाले, छान. परदेशात जाऊन आले, केबिन मिळाली, सगळं छान. शेवटच्या बढतीनंतर त्यांनी पेपरातून मान वर करून विचारलं, "म्हणजे आता नक्की काय करतेस?"

"आढावा घेते."

"कशाचा?"

"बाकीचे जे करतात त्याचा."

त्यांनी चष्मा सारखा केला, "छान" म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

बाहेरच्या माणसाला यात खुपण्यासारखं काही दिसणार नाही. उलट किती समजूतदार वडील, असंच वाटेल. पण मी बाबांना ओळखते. ते खिदिरपूरच्या गोदीत लॉकगेटवर अधिकारी होते. हुगळी ही भरती-ओहोटीची नदी. गोदीतलं पाणी एका पातळीला धरून ठेवलेलं असतं, नदीचं मात्र सतत वरखाली चाललेलं. म्हणून दोन्हींच्या मध्ये पाण्याची एक लांबलचक खोली असते आणि तिला दोन्ही टोकांना दरवाजे. बोट नदीकडून खोलीत येते, मागचा दरवाजा लागतो, खोलीत पाणी चढवतात, आणि ते गोदीच्या पाण्याइतकं झालं की पुढचा दरवाजा उघडतो. त्याच्या आधी नाही. बाबांनी सगळी नोकरी हे 'आधी नाही' सांभाळण्यात घालवली, आणि ते सांभाळताना हाताखालच्या माणसांना मनसोक्त शिव्या घातल्या.

आम्ही तेव्हा पोर्टच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. विश्वकर्मा पूजेला गोदीतली माणसं घरी जेवायला यायची. वर्षभर ज्यांचा बाबांनी गाढव, उल्लू, नालायक असा उद्धार केलेला असायचा त्यांनाच ते आग्रह करकरून वाढायचे. त्यांतल्या एका बंगाली असिस्टंटला मी विचारलं होतं, तुम्हाला राग नाही का येत? तो पुरणपोळी मोडत म्हणाला, "साहब गाली दे रहे हैं मतलब अभी उम्मीद है. जिस दिन 'बहुत अच्छा' बोलेंगे, समझो हमारा ट्रांसफर." मी शाळेत होते, हसून सोडून दिलं. नोकरी लागल्यावर त्या वाक्याचा अर्थ मला घरबसल्या मिळू लागला.

आणि आता बाबा जाणार होते. दादा पुण्यात असतो. त्याने तिथे ज्येष्ठांसाठीच्या एका संकुलात त्यांच्यासाठी खोली धरली होती. फोनवर फोटो आले: हिरवळ, हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या, खुर्च्यांवर हसण्याचे पैसे मिळाल्यासारखे हसणारे म्हातारे. दादाचं म्हणणं चूक नव्हतं. मी सकाळी बेहालाच्या घरातून निघते ती संध्याकाळी परत, बाबांचे गुडघे गेलेले, लिफ्ट मनात येईल तेव्हा चालणारी. दुर्गापूजा झाली की दादा येऊन त्यांना घेऊन जाणार होता. बाबांनी फोटो पाहिले आणि अर्थातच छान म्हणाले.

म्हणजे माझ्याकडे पूजेपर्यंतचा वेळ होता. त्यानंतर बाबा त्या हिरवळीवर जाऊन बसणार आणि रविवारच्या फोनवर मला जन्मभर छान म्हणत राहणार. मला ते नको होतं. या वयात, केबिन आणि पांढरे केस दोन्ही मिळवून झाल्यावर, मला माझ्या वडिलांकडून एक सणसणीत शिवी खायची होती. कामावरून.

पण शिवी मिळायला काम लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. माझ्या ऑफिसात कोणीच काम करत नाही, सगळे काम 'पुढे नेतात'. काचेच्या इमारतीत काचेच्या खोल्या, त्यात बसून आम्ही एकमेकांना स्लाइड दाखवतो. एखादी गोष्ट बंद पडली की ती का पडली हे कोणाला माहीत नसतं, कोणाला कळवायचं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. बाबांनी एकदा विचारलं होतं, "तुमचं ते यंत्र बिघडलं तर आत काय झालं ते तुला कळतं?" मी म्हटलं, "त्याला वेगळी टीम आहे." पुढे ते काय म्हणाले ते सांगायला नको.

म्हणून मला असं यंत्र हवं होतं ज्याच्या आतलं सगळंच्या सगळं एका माणसाला कळू शकतं. असं आज बाजारात काही मिळत नाही. माझ्या लहानपणी मात्र होतं. टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं खोकं, वरून कॅसेट खुपसायची, हातात धरायला दुसरं छोटं खोकं, त्यावर दोन बटणं आणि दिशांची एक फुली. आठ बिटांचा प्रोसेसर. त्या खोक्यावरचे खेळ असेम्ब्लीत लिहायचे, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या भाषेत, एकेक आज्ञा हाताने. हा आकडा उचल. त्यात एक मिळव. तिकडे ठेव. शून्य झाला का बघ. यापेक्षा खाली जायचं तर हातात तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची सळईच घ्यावी लागेल.

शिकायला बसल्यावर पहिली गाठ पडली ती शिकवणाऱ्यांशी. व्हिडिओंत सगळे एकाच साच्यातले: दाढी, पाठीमागे जांभळे दिवे, फळीवर जुन्या कॅसेट देव्हाऱ्यासारख्या मांडलेल्या. "या मशीनला आत्मा आहे," असं म्हणून सुरुवात. मग अर्धा वेळ स्वतःचं बालपण. अरे, तुझं बालपण तुझ्या आईला सांग, मला आकडा कुठे ठेवायचा ते सांग. जुन्या गोष्टींवर प्रेम करणारी ही जमात मला कधीच सहन झालेली नाही. यांना यंत्र नको असतं, यांना आपण लहान असताना किती गोड होतो ते पाहिजे असतं.

ऑफिसातल्या एकाला मी चुकून हे सांगितलं. वयाने माझ्या अर्धा, पदाने 'आर्किटेक्ट'. त्याच्या आर्किटेक्चरवर कोणी खुराडंही बांधू नये. तो दयेने म्हणाला, "मॅम, हे आता एआय करून देतं, दोन मिनिटांत." दिलं खरं करून. छाती ठोकून दिलं. त्यात भागाकाराची आज्ञा होती. या प्रोसेसरला भागाकार येत नाही, गुणाकारही येत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी आणि दुप्पट-निम्मं. ती आज्ञा कुठल्या तरी दुसऱ्याच चिपची, इथे आणून घुसवलेली, वर पुन्हा समजावून सांगितलेलं की हे कसं कार्यक्षम आहे. मी ते आर्किटेक्टला दाखवलं. तो म्हणाला, "प्रॉम्प्ट नीट द्यायला पाहिजे." मी एआयही बंद केलं आणि आर्किटेक्टशी बोलणंही.

मग मी एकटीच बसले. सकाळी चहा आणि ऑफिसची गाडी यांच्या मधल्या वेळात, आणि रविवारी. पहिल्यांदा मला कळलं की मला काहीच येत नाही. एवढी वर्षं मी ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणत होते ते हॉटेलात जेवण मागवण्यासारखं होतं. इथे मला चूल मांडण्यापासून सुरुवात होती. प्रोसेसरच्या हातात आकडा धरायला जागा मोजून तीन. एका कप्प्यात मोठ्यात मोठा आकडा दोनशे पंचावन्न. त्यात एक मिळवला की शून्य, आणि यंत्राला त्याचं काही वाटत नाही. चित्र बदलायचं तर तेही वाटेल तेव्हा नाही. टीव्हीचा किरण पडदा रंगवत खाली पोचतो आणि परत वर जातो, त्या परत जाण्याच्या क्षणात काय ते उरकायचं. उशीर झाला की पडद्यावर चिंध्या. हा शिस्तीचा भाग मला आवडला, हे कबूल करते. आमच्या ऑफिसात उशीर झाला तर मीटिंग ठेवतात.

खेळ मी बाबांच्याच कामाचा करायला घेतला. डावीकडे नदी, मध्ये पाण्याची खोली, उजवीकडे गोदी. बोट आत घ्यायची, मागचं गेट लावायचं, पाणी चढवायचं, पुढचं गेट उघडायचं. एवढंच. बोट म्हणजे चौकोनी तुकड्यांची जुळवाजुळव, चिमणी लाल. पाणी निळं. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. ते सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या पाठीमागून जायचे, पडद्यावरच्या तीन-तीन अक्षरी आज्ञांच्या रांगेकडे बघायचे आणि बाल्कनीत जायचे. एकदाच म्हणाले, "ऑफिसचं घरी आणतेस." मी म्हटलं, "ऑफिसचं नाही." त्यांना ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसलं.

लॅपटॉपवर खेळ झकास चालायला लागला. म्हणजे एम्युलेटरवर, त्या जुन्या खोक्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. बोट यायची, पाणी चढायचं, गेट उघडायचं. पण लॅपटॉपवर दाखवलं तर ते ऑफिसचंच वाटणार. मला खरं यंत्र हवं होतं. चांदनीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन तसलं जुनं खोकं आणलं. दुकानदाराने ते दाखवताना "एकदम अँटिक, दीदी" असं म्हणून अँटिक भाव सांगितला, आणि मी घासाघीस सुरू केल्यावर त्याच खोक्याला भंगार म्हणत भाव खाली आणला. आपला खेळ भरता येईल अशी कोरी कॅसेट मागवून घेतली. टीव्ही घरात होताच. बाबांनी त्यांच्या खोलीतला ढेरपोट्या टीव्ही कधी टाकू दिला नव्हता. "चालू वस्तू फेकायची नाही," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावर ते बातम्या बघत, ज्यात निवेदकाचं कपाळ कायम हिरवं असायचं.

पूजेचे मांडव उभे राहायला लागले होते. रविवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, "एक दाखवायचंय. लॉकगेट केलंय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन बनियनवर शर्ट घालून आले, बटणं लावली आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसले. लॉकगेट म्हटल्यावर त्यांना बनियनवर बसणं जमलं नसावं. कॅसेट मी आधी उलटी खुपसली. ऑफिसात शंभर माणसांसमोर बोलते, तेव्हा जांभई आवरावी लागते.

बटण दाबलं. आणि टीव्हीवर घाण आली. दुसरा शब्द नाही. पाणी पार वर, गोदीच्याही वर, पडद्याच्या टोकाला भिडलेलं. बोट आकाशाच्या कोपऱ्यात अर्धी, चिमणी एकीकडे, बूड दुसरीकडे. गेटांचे तुकडे नदीत तरंगत होते. मी बंद करून परत चालू केलं. या वेळी पाणी तळाला आणि बोटी दोन. पुन्हा केलं, पुन्हा वेगळीच घाण. लॅपटॉपवर जे डोळे मिटून चालत होतं ते इथे दर वेळी नव्या पद्धतीने मरत होतं. माझ्या तोंडून भराभर बाहेर पडायला लागलं: तिकडे चालतंय, हे जुनं आहे, वायर ढिली असेल, दुकानदाराने फसवलं. म्हणजे ऑफिसात माझ्यासमोर पोरं जी पोपटपंची करतात ती, शब्दशः.

बाबा शांतपणे सगळं बघत होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्या खांद्यावर थोपटलं.

"छान केलंयस," ते म्हणाले. "चल, चहा घेऊ."

मी चहा घेतला नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि रडण्याचाही राग आला.

मी इंटरनेटवर परदेशी लोकांच्या एका चर्चास्थळावर प्रश्न टाकला. ही मंडळी दाढीवाल्यांपेक्षाही वरची. प्रश्न विचारला की आधी सांगतात, हा प्रश्न विचारण्याची तुझी लायकी नाही, मग दया आली तर उत्तर देतात. एकाने माझा प्रोग्रॅम वाचून एकच ओळ लिहिली होती: मेमरी साफ केली नाहीस, तुझी आई येऊन करणार होती का?

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं. एम्युलेटर गुणी बाळ असतो, तो सुरू होताना सगळी मेमरी शून्य करून हातात देतो. खरं यंत्र सुरू होतं तेव्हा त्याच्या मेमरीत वाटेल ते असतं, उरलंसुरलं, कचरा. पाण्याची पातळी शून्यापासून सुरू होते असं मी धरून चालले होते. ती शून्य मी कुठेही केलेली नव्हती. भाड्याच्या घरात शिरताना आपण आधी झाडू मारतो. मी थेट पाहुणे बोलावले होते. आणि ही चूक माझ्यासारखीच करू शकते, जिला जन्मभर झाडलेल्या जागाच मिळाल्या, आणि त्या कोणी झाडल्या हे विचारायची वेळ आली नाही. आमची अख्खी काचेची इमारत अशा माणसांनी भरलेली आहे.

झाडू मारायला जेमतेम मूठभर आज्ञा लागल्या. कॅसेट भरली, टीव्हीवर लावली. बोट नदीत होती, पाणी जागेवर होतं. बाबा खाली औषधं आणायला गेले होते. मी मुद्दाम त्यांची वाट पाहिली नाही. पुन्हा तो शर्ट आणि ताठ खुर्ची मला सोसली नसती. खेळ चालू ठेवला, बटणांचं खोकं खुर्चीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला. ते आले, चपला काढल्या, खोलीत गेले. माझा दुसरा कांदा निम्मा चिरून झाला.

मग घर हादरलं.

"कोणी उघडलं हे गेट?"

मी सुरी हातात घेऊनच धावले. बाबा टीव्हीसमोर उभे होते, बटणांचं खोकं मुठीत आवळलेलं, मानेच्या शिरा ताठ.

"काय झालं, बाबा?"

"काय झालं विचारतेस? बघ इथे. हे आतलं पाणी. हे गोदीचं. आहेत का एका पातळीला?"

नव्हती. थोडा फरक होता.

"थोडं कमी असलं तरी गेट उघडू दिलंय," मी म्हटलं. "अगदी बरोबर जुळेपर्यंत थांबवलं तर खेळणाऱ्याला कंटाळा येतो."

"कंटाळा?" त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "पाणी काय तुझ्या खेळणाऱ्याला विचारून चढतं? एवढा फरक असताना गेटाला हात लावलास तर पलीकडचं अख्ख्या गोदीचं पाणी त्या फटीतून आत येईल, बोट मागच्या गेटावर जाऊन आदळेल, आणि वर दोर धरून उभी असलेली माणसं? ती कुठे जातील? दोर तर तू दाखवलेच नाहीस! बांधल्याशिवाय पाणी चढवतेस, नालायक? गाढवाला बसवलं असतं तर त्याने यापेक्षा बरं काम केलं असतं."

"बाबा, हा खेळ आहे."

"मग हौद दाखव आणि बदकं सोड त्यात! लॉकगेट कशाला काढलंस? आणि हे पाणी असं चढतं? सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने, लिफ्टसारखं? कोणत्या मूर्खाने सांगितलं तुला? फरक जास्त तेव्हा पाणी धो-धो येतं, फरक कमी होईल तसं मंदावतं, शेवटी तर चढतंय की नाही कळत नाही. तिथेच माणसं घाई करतात. तिथेच! मोड हे सगळं. परत कर."

त्यांना धाप लागली होती. मी सुरी हातात धरून दारात उभी होते आणि कांद्यामुळे म्हणा, डोळे वाहत होते. मला अतिशय आनंद झाला होता. इतका की मी भांडायलाही लागले. या यंत्राला भागाकार येत नाही, फरकाप्रमाणे वेग कसा काढायचा, असं मी ओरडून सांगितलं. "येत नाही म्हणजे? काय येतं त्याला?" असं त्यांनी ओरडून विचारलं. मी म्हटलं, निम्मं करता येतं. "मग निम्म्याचं निम्मं कर की! मी सांगू?" शेजारच्या बंगाली काकूंनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. बाबांनी त्यांना दारातूनच घालवलं.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून लवकर निघत होते, प्रकृतीचं कारण सांगून. कोणाचं काही अडलं नाही, यावरून माझ्या पदाची किंमत कळावी. बोटीला दोर आले. पाण्याला चाल आली: दोन पातळ्यांतला फरक घ्यायचा, निम्मा करायचा, परत निम्मा, परत निम्मा, आणि तेवढं पाणी चढवायचं. बाबा मागे खुर्ची टाकून बसायचे. त्यांना आज्ञा कळत नव्हत्या, पण 'आता हा आकडा कुठे गेला' हे विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं. पाणी सुरेख चढायला लागलं, आधी धो-धो, मग सावकाश, मग आणखी सावकाश. बाबा पुढे वाकले. आणि गोदीच्या पातळीच्या जरासं खाली येऊन पाणी थांबलं ते थांबलंच. गेट उघडेना.

"आता काय?" बाबा कडाडले. "आधी उघडं टाकलंस, आता कायमचं लावून बसलीस! बोट काय जन्मभर इथे ठेवायची?"

मी कपाळावर हात मारला. फरक अगदी लहान झाला की त्याचं निम्मं करता करता हातात शून्य उरतं. पाणी शून्याने चढत होतं. पूर्णांकांचं यंत्र, त्याला उरलेला कोर दिसतच नाही. आता ते कसं दुरुस्त करायचं यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, शेवटी एकदम बरोबर करून टाकते, कोणाला कळणार आहे. बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर मी आत जाऊन आमटी गॅसवर ठेवली.

तेवढ्यात दादाचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. दादा तिकिटाचं सांगत होता, पूजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं विमान, खोलीला नवीन पडदे लावलेत, खाली डॉक्टर बसतो.

"तिकीट रद्द कर," बाबा म्हणाले.

"अहो, आता? का? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय? इथे काम अडलंय. हाताखाली नवीन माणूस घेतलाय. त्याला असा अर्धवट सोडून कसा येऊ?"

"कोण नवीन माणूस? बाबा, तुम्ही रिटायर होऊन..."

"आहे एक," बाबा म्हणाले. "डोकं आहे. पण गेटावर घाई फार करतो. त्याला थांबायला शिकवायला वेळ लागेल."

 दादाने माझी चौकशी केली, ती घरी आहे का, तिला फोन द्या. बाबा म्हणाले, "ती कामात आहे," आणि फोन ठेवून दिला.

मी आमटीखालचा गॅस बारीक केला, डोळे पदराला पुसले आणि त्यांच्या खोलीत गेले. ते टीव्हीकडे तोंड करून बसले होते, मागे वळले नाहीत. पाणी अजून तिथेच होतं, गोदीच्या जरासं खाली. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि विचारलं, "शेवटचं पाणी किती सावकाश चढतं, बाबा?"